बॅटरी बदलली आणि स्मॉग अडकला: १९९९ ची एफ-१५०, पी१००० काही केल्या जाईना

ट्रेसीकर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगून टाकतो.

गाडी १९९९ ची फोर्ड एफ-१५०, ४.६ लिटर व्ही-८, ऑटोमॅटिक, टू-व्हील ड्राइव्ह. मुक्काम ट्रेसी, कॅलिफोर्निया. ट्रक रोजच्या वापरातला नाही. लाकूड-माती आणणं, कोणाचं तरी घर हलवणं आणि गणपतीत मंडळाच्या स्टेजचं सामान ओढणं, एवढंच त्याचं काम. बायकोच्या मते तो विकून टाकावा, माझ्या मते नाही. त्या वादात कृपया पडू नका.

हिवाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागला. पार्टच्या दुकानात फुकट कोड वाचून देतात, तिथे पी०१७१ आणि पी०१७४ निघाले, म्हणजे दोन्ही बँका (व्ही-८ च्या चार-चार सिलिंडरच्या दोन ओळी) लीन, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. काउंटरवरच्या पोराने लगेच दोन ऑक्सिजन सेन्सर पुढे सरकवले. मी घेतले नाहीत. पुढे बॅटरीच बसली. नवी टाकली आणि दिवा आपोआप गेला. म्हटलं, चला, पीडा टळली.

आता रजिस्ट्रेशनच्या कागदाबरोबर स्मॉगचं, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या धुराच्या सक्तीच्या तपासणीचं, फर्मान आलं. स्टेशनवर गाडी रोलरवर चढवली, धूर एकदम स्वच्छ, तरी नापास. कागदावर लिहिलंय की मॉनिटर (गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच घेतो त्या चाचण्या) पूर्ण नाहीत: कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा डबा), इव्हॅप (पेट्रोलची वाफ बाहेर न सोडणारी यंत्रणा), ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा), ऑक्सिजन सेन्सर. तिथला माणूस म्हणाला, चालवा आणि या. तेव्हापासून ऑफिसला ट्रकच नेतोय, अल्टामाँटचा घाट चढून लिव्हरमोरला आणि परत. त्यात ईजीआर आणि ऑक्सिजन झाले, पण कॅटॅलिस्ट आणि इव्हॅप हलायला तयार नाहीत. दुकानातला रीडर पी१००० दाखवतो. दिवा मात्र बंद.

शिवाय सिग्नलला उभं राहिलं की आरपीएमचा काटा वर-खाली करतो, एसी लावला की जास्तच. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गिअर हिसका देतो. हे बॅटरी बदलण्याआधी नव्हतं.

ब्लूटूथचा छोटा डोंगल आहे माझ्याकडे. बायकोच्या कोरोलाला चटकन जोडला जातो, ट्रकला लावला की नुसता शोधत बसतो. त्यामुळे दर वेळी दुकानाची वारी.

प्रश्न: पी१००० हा बिघाड आहे का? अजून किती मैल चालवायचं? आणि बॅटरीची केबल पुन्हा काढून सगळं पहिल्यापासून सुरू करू का? रजिस्ट्रेशनची तारीख जवळ आली आहे.

सनीव्हेलचा शिरीष

माझ्या २००८ च्या गाडीला असंच झालं होतं. शंभरेक मैल हायवेवर हाणली, झालं काम. तुमचा अल्टामाँटचा प्रवास तर उत्तमच. नसेल होत तर बॅटरीच्या दोन्ही केबल काढून एकमेकींना टेकवून ठेवा थोडा वेळ, कॉम्प्युटर पूर्ण कोरा होतो. मग ताजी सुरुवात.

दहा-अकरा पाना

शिरीषराव, राग मानू नका, पण ही ताजी सुरुवातच त्यांच्या मुळावर आली आहे. ट्रेसीकर, केबलला हात लावू नका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं, कारण तुम्ही आज संध्याकाळीच पाना घेऊन खाली उतराल अशी मला भीती आहे.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात डिझेल पंप उघडत मोठा झालो. आता सॅक्रामेंटोकडे दुसऱ्याच्या गॅरेजात अशाच म्हाताऱ्या गाड्या बघतो. स्मॉगच्या तारखेच्या आधी बॅटरी बदललेला एक तरी ट्रक दर महिन्याला दारात येतो.

पी१००० हा बिघाड नाही. हा फोर्डचा स्वतःचा कोड आहे. त्याचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटरने स्वतःच्या सगळ्या चाचण्या अजून उरकलेल्या नाहीत. त्याने दिवा लागत नाही आणि त्याच्यासाठी एकही पार्ट विकत घ्यायचा नसतो. शेवटची चाचणी झाली की तो आपला आपण जातो.

आता बॅटरी काढल्याने काय झालं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुमच्या पिढीच्या फोर्डमध्ये दोन वेगळ्या गोष्टी पुसल्या जातात. स्कॅनरने कोड पुसला तर कोड जातो, त्याच्या बरोबरचा फ्रीझ फ्रेम जातो (दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती, याची नोंद) आणि मॉनिटरची पाटी कोरी होते. बॅटरी काढली तर याशिवाय कीप अलाइव्ह मेमरीही जाते. त्या मेमरीत इंजिनने आजवर शिकलेलं असतं: कुठल्या लोडला पेट्रोल किती वाढवायचं, किती कमी करायचं, आयडल (गाडी उभी असताना इंजिन फिरायचा वेग) कुठे धरायचा. किराणावाल्याची उधारीची वही जळाली तर गिऱ्हाइकाचं कर्ज फिटत नाही, फक्त दुकानदाराला आठवत नाही, तसं झालंय. तुमची हवा कुठून तरी गळत होती. कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देऊन ती गळती झाकत होता. वही गेली, झाकणं थांबलं, म्हणून आयडल डुलायला लागला. ते डुलणं हा नवा आजार नाही, जुनाच आहे. आता उघडा पडला इतकंच.

गिअरच्या हिसक्याचंही कारण तेच. गिअरबॉक्सचा दाब कधी किती द्यायचा हेही कॉम्प्युटर शिकत असतो. ते चालवता चालवता बसतं. त्याच्यासाठी गिअरबॉक्स उघडायला कोणी सांगितलं तर तिथून निघा.

आता तुम्ही इतकं चालवूनही कॅटॅलिस्ट का होत नाही? माझा अंदाज: पेंडिंग कोड. लीनसारखा दोष पहिल्या फेरीत दिसला की कॉम्प्युटर तो पेंडिंग म्हणून लिहून ठेवतो, दिवा लावत नाही. पुढच्या फेरीत पुन्हा दिसला की दिवा. आणि मिश्रणाचा दोष डोक्यात असताना तो कॅटॅलिस्टची चाचणी चालूच करत नाही. कारण साधं आहे: मिश्रणच बिघडलेलं असेल तर मागच्या सेन्सरवरून कॅटॅलिस्टला चांगलं-वाईट ठरवणार कसं? ऑक्सिजन आणि ईजीआर तुमचं तोवर उरकलं असणार. ट्रिम (पेट्रोल किती टक्के वाढवायचं-घटवायचं ते माप) हळूहळू शिकत वर चढला आणि मग दार बंद झालं. दुकानातला माणूस बहुधा फक्त पक्के कोड बघतो. पेंडिंगची यादी वेगळ्या पानावर असते, ती मुद्दाम उघडावी लागते.

म्हणून मैल मोजू नका. गळती आधी, गाडी चालवणं नंतर.

दोन्ही बँका एकदम लीन म्हटल्यावर दोन ऑक्सिजन सेन्सर एकाच दिवशी मेले असं मी तरी मानणार नाही. कारण दोघांच्या सामायिक वाटेवर शोधायचं: हवेची गळती, घाण झालेला एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा), नाहीतर पेट्रोलचा दाब. कुठलं ते ट्रिम सांगतो. इंजिन पूर्ण गरम करून लाँग टर्म फ्युएल ट्रिम दोनदा वाचा, एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमला धरून. आयडलला मोठा आणि आरपीएम वाढवल्यावर खाली आला तर गळती. कारण गळती तेवढीच राहते, इंजिन ओढत असलेली हवा मात्र वाढते, मग गळतीचा वाटा किरकोळ होतो. उलट लोडवर वाढत गेला तर एमएएफ किंवा पेट्रोल फिल्टर-पंप.

गळती निघाली तर कुठे बघायचं तेही सांगून ठेवतो. पीसीव्ही व्हॉल्व्हकडून (इंजिनातली तेलकट वाफ ओढून घेणारा) येणारी नळी थ्रॉटल बॉडीच्या मागल्या अंगाला एका रबरी एल्बोत घुसते. पंचवीस वर्षं तेलकट वाफ खाऊन तो एल्बो मऊ होतो आणि खालच्या बाजूने फाटतो, वरून बघितलं तर ठणठणीत दिसतो. आरसा आणि बॅटरी घेऊन बघा (टॉर्च म्हणतोय मी, त्या बॅटरीला हात लावायचा नाही). गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायचा व्हिडिओ सापडेल. तो नाद करू नका, आग लागते.

डोंगलचं दुखणं निराळं आहे. त्या काळच्या फोर्डचा कॉम्प्युटर ज्या बोलीत बोलतो ती जे१८५० पीडब्ल्यूएम. स्वस्तातल्या, नकली ईएलएम चिपच्या डोंगलपैकी बऱ्याच जणांत ती बोलीच नसते, कोरोलाची असते. साधा वायरवाला रीडर घ्या, लाइव्ह डेटा आणि पेंडिंग कोड दाखवणारा. आणि तोही जोडला गेला नाही तर सिगरेट लायटर चालतो का बघा. या ट्रकात लायटर आणि रीडर जोडायचं सॉकेट एकाच फ्यूजवर आहेत. लायटरमध्ये नाणं पडून फ्यूज उडालेला आणि त्यापायी स्मॉगवाल्याने परत पाठवलेला ट्रक मी पाहिलाय.

आता एक गोड बातमी. कॅलिफोर्नियात १९९६ ते १९९९ च्या पेट्रोल गाड्यांना कुठलाही एक मॉनिटर अपूर्ण चालतो. २००० पासून पुढच्यांना फक्त इव्हॅप अपूर्ण चालतो, दुसरं काही नाही. म्हणजे तुम्हाला दोघांपैकी एकच पुरा करायचा आहे.

शिरीषराव, तुमच्यासाठी: पुढची गाडी २०१० किंवा त्यानंतरची घेतलीत तर त्यात परमनंट कोड असतात. केबल टेकवा, नाहीतर स्कॅनरने पुसा, ते जात नाहीत. दोष खरोखर गेला हे कॉम्प्युटरने स्वतः बघितल्यावरच जातात. जुलै २०१९ पासून स्मॉगमध्ये तेही तपासतात.

मिरज जंक्शन

वाचून गंमत वाटली. आमच्याकडे पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो, पेट्रोल असेल तर सीओ-एचसी, डिझेल असेल तर धूर, फोटो काढला, कागद हातात. कॉम्प्युटरला कोण विचारतंय! दिवा लागलेल्या कितीतरी पिकअप सांगली-मिरज रस्त्यावर पास होऊन फिरताहेत.

पण माझा खरा प्रश्न. बीएस-४ डिझेल पिकअप आहे, कॉमन रेल. गॅरेजवाला दर वेळी बॅटरीची केबल काढून दिवा घालवतो. आता इंजेक्टर बदलायचे म्हणतोय. तर बॅटरी काढल्यावर इंजेक्टरचं काही विसरलं जातं का?

दहा-अकरा पाना

मिरजकर, इंजेक्टरवर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरलेला असतो, तो बॅटरी काढून जात नाही. पण इंजेक्टर बदलले, नाहीतर एकमेकांच्या जागी लावले, तर नवा कोड त्या त्या सिलिंडरला भरावाच लागतो. न भरता बसवले तर खडखड, काळा धूर आणि आयडलला थरथर. तुमच्या माणसाकडे तो भरायचं यंत्र आहे का, हे इंजेक्टर खोलायच्या आधी विचारा. केबल काढून दिवा घालवणाऱ्याकडे ते असेलच असं नाही.

मेधा, फ्रिमाँट

गाडीतलं मला कळत नाही, कागदांचं कळतं. ट्रेसीकर, स्मॉग राहिला म्हणून रजिस्ट्रेशनची फी भरायची थांबू नका. फी तारखेच्या आत भरा. स्टिकर स्मॉग झाल्यावरच मिळेल, पण उशिराचा दंड लागणार नाही. आणि स्मॉगमध्ये नापास झालेल्या गाडीला डीएमव्ही (वाहन नोंदणीचं सरकारी खातं) ५० डॉलरमध्ये ६० दिवसांचा तात्पुरता परवाना देतं. नापासाचा कागद जपून ठेवा, तो लागतो. दर खेपेला मिळत नाही हा परवाना, म्हणून खरंच गरज असेल तेव्हाच वापरा. आमच्याकडे मुलाच्या गाडीच्या वेळी हे सगळं करून झालंय.

ट्रेसीकर

मेधाताई, फी भरली. आभार.

पाना साहेब, वायरवाला रीडर आणला, पहिल्या फटक्यात जोडला गेला. गरम इंजिनावर आयडलला बँक एकचा लाँग टर्म +१९, बँक दोनचा +२१. २५०० ला धरून ठेवल्यावर +५ आणि +६. पेंडिंगमध्ये पी०१७४ बसलेला होता, तुम्ही म्हणालात तसा.

एल्बो बघितला. वरून खरंच धडधाकट. खाली बोट लावलं तर रबर आत दबलं आणि बोटाला काळं तेल आलं. इंजिन चालू ठेवून ती जागा दोन बोटांनी चिमटीत आवळली तर आयडल लगेच खाली येऊन सरळ झाला, सोडली की पुन्हा डुलायला लागला. आरशात बघितलं तर आडवी चीर आहे, नखाएवढी.

नवा एल्बो आणलाय. लावला की स्कॅनरने एकदा सगळं पुसून टाकू ना? मिश्रणाचं जुनं शिकलेलं निघून जाईल असं वाटतं.

दहा-अकरा पाना

छान, चिमटीची परीक्षा मी सांगायला हवी होती, तुम्हीच काढलीत.

पुसू नका. पेंडिंग कोड पुढच्या स्वच्छ फेरीत आपोआप उतरेल. ट्रिमही स्वतः खाली येईल. आज +२१ शिकलेला आहे, गळती बंद झाल्यावर थोडा वेळ मिश्रण जाड राहील, पेट्रोलचा वास येईल, घाबरायचं नाही. पुसलंत तर ईजीआर आणि ऑक्सिजन दोन्ही परत शून्यावर. कमावलेलं घालवू नका. पुसायचं ते दुरुस्तीनंतर, आणि पुसल्याने काही मिळणार असेल तेव्हा. इथे काही मिळत नाही.

एल्बो घालताना एमएएफ काढून त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने धुवा. ब्रेक क्लीनर मारू नका. तारांना बोट लावू नका, वाळल्यावरच बसवा.

मग शिकवणी. फोर्डच्या मालकाच्या पुस्तिकेतच आहे, पण ती कोण उघडतो. हँडब्रेक लावा, गिअर पार्कमध्ये, सगळं बंद. सुरू करून पूर्ण गरम होऊ द्या. मग किमान एक मिनिट आयडल. एसी लावून आणखी एक मिनिट. मग ब्रेकवर पाय ठेवून, एसी चालूच, गिअर ड्राइव्हमध्ये टाकून आणखी एक मिनिट. एसीच्या आणि गिअरच्या ओझ्याखाली आयडल कसा धरायचा हे त्यात शिकतो. उरलेलं रस्त्यावर, दहा मैल किंवा थोडं जास्त.

आता मॉनिटर. तुमचा अल्टामाँट यासाठी सगळ्यात वाईट रस्ता आहे. इव्हॅपची चाचणी टाकीतली वाफ आणि दाब बघते. चढ-उतारावर आणि वळणावर पेट्रोल हिंदकळलं की कॉम्प्युटर चाचणी सोडून देतो. रोज घाट चढलात आणि रोज त्याने सोडून दिली. तुमच्या घराजवळ आय-५ आहे, तिथून दक्षिणेला पॅटरसनकडे रस्ता सपाट आणि नाकासमोर. रविवारी पहाटे निघा.

टाकी अर्धी ते पाऊण ठेवा. १५ टक्क्यांच्या खाली आणि ८५ च्या वर तो इव्हॅप बघतच नाही, म्हणून निघायच्या आधी फुल्ल करायची सवय त्या दिवशी नको. ट्रक रात्रभर उभा असू द्या, सहा-आठ तास तरी. बाहेर ४० ते १०० फॅरनहाइट हवं, ट्रेसीच्या उन्हाळ्यात म्हणूनच पहाट.

सुरू केल्यावर थोडा आयडल, मग ४० मैलांच्या वेगाने इंजिन १७० फॅरनहाइटपर्यंत येऊ द्या. ४० वरच चार मिनिटं स्थिर. मग आय-५ वर ४५ ते ६५ च्या मधला एक वेग धरून दहा मिनिटं, पाय हलवायचा नाही. उजवी लेन धरा, मागचे ट्रकवाले शिव्या घालतील, घालू द्या. हा झाला इव्हॅपचा भाग. तो पहिल्याच दिवशी होईल असं नाही, सगळ्यात हट्टी तोच.

तिथेच, मागे कोणी नसेल तेव्हा, ६५ पर्यंत नेऊन पाय पूर्ण काढा आणि ब्रेक न लावता ४० पर्यंत घरंगळू द्या. दोन-तीनदा. यात मिसफायरची चाचणी आपलं माप शिकते. क्रँकच्या चाकाच्या दातांत जे बारीक फरक असतात ते इंजिन जळण न घेता फिरत असतानाच नीट मोजता येतात. बॅटरी गेल्यावर हेही विसरलेलं असतं.

कॅटॅलिस्टसाठी गावात या. इलेव्हन्थ स्ट्रीट, ग्रँट लाइन रोड, काहीही. दहाएक मिनिटांत २५ ते ४५ च्या मधले पाच वेगळे वेग, प्रत्येक वेग थोडा वेळ स्थिर धरून, मध्ये थांबत. हायवेवर एकाच वेगाने तास काढलात तरी हे होणार नाही. तुमचा प्रवास म्हणजे घाट आणि हायवे, गावातले हळू आणि स्थिर वेग त्यात आलेच नाहीत. पेंडिंग कोड गेल्यावर हे आधी करा, कारण तुम्हाला एकच मॉनिटर सोडायची मुभा आहे आणि इव्हॅपच्या भरवशावर राहण्यापेक्षा कॅटॅलिस्ट हातात घेतलेला बरा.

रीडर लावून ठेवला तरी चालेल, पण बघणारं माणूस दुसरं हवं. बायकोला शेजारी बसवा, ट्रक विकायचा विषय काढायच्या आत पॅटरसन येईल.

सनीव्हेलचा शिरीष

केबलचं बोलणं मागे घेतो. पण एक विचारतो, लीन असूनही धूर पास कसा झाला?

दहा-अकरा पाना

कारण पेट्रोल वाढवून कॉम्प्युटरने ते सांभाळलं होतं. रोलरवर १५ आणि २५ मैलांच्या वेगाला, लोडवर मोजतात, आणि लोडवर ही गळती किरकोळ. ट्रिमची मर्यादा संपली असती तर मग नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) वर गेला असता. म्हणून धुराचा कागद बघून इंजिन चांगलं आहे असं म्हणू नये, आणि नुसता दिवा बघून वाईटही.

ट्रेसीकर

एल्बो बसला, एमएएफ धुतला. आयडल स्थिर, गिअरचा हिसका जवळपास गेला. ट्रिम उतरत उतरत +३ च्या आसपास आलाय. पेंडिंग रिकामं. आय-५ ला जाऊन आलो, बायको रीडर घेऊन शेजारी होती. गावात शिरून ग्रँट लाइनवर हळूहळू वेग बदलत होतो तेव्हा तीच म्हणाली, कॅटॅलिस्टपुढे टिक आली. इव्हॅप अजून नाही. तरीही स्मॉगला गेलो, पास. स्टिकरची वाट बघतोय.

रीडर अजून पी१००० दाखवतो. काही करायचं का?

दहा-अकरा पाना

काही नाही. इव्हॅप झालं की जाईल. स्टेशनवर कोणी त्यावरून अडवलं नाही ना, मग राहू द्या.

फक्त पेट्रोलच्या झाकणाचा रबर बघून घ्या. त्याला तडे असतील तर झाकण आत्ताच बदला. इव्हॅपची चाचणी बॅटरी बदलल्यापासून पुरी झालेलीच नाही, त्यामुळे तिथे गळती असेल तर ती अजून कोणाला कळलेली नाही. चाचणी ज्या दिवशी चालेल त्या दिवशी पी०४४२ किंवा पी०४५५ (इव्हॅपच्या गळतीचे कोड) पेंडिंग दिसेल, आणि पुढच्या खेपेला दिवा.